ख्रिस्ती परंपरेतील शुद्धिस्थानाची संकल्पना : मतभेदांचे स्वरूप आणि मराठी संदर्भ

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी वसई परिसरातील कॅथलिक दफनभूमींत कबरींवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि धर्मगुरू मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतात. २०१४ साली पालघर जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत वसई आणि शहापूर-मुरबाड हे तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तथापि जिल्ह्याच्या पूर्वेकडील सह्याद्रीच्या पट्ट्यात ख्रिस्ती समाजाच्या मरणोत्तर जीवनविषयक कल्पनांचा परिचय बेताचाच आहे. ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही, मनुष्य मृत्यूनंतर एकतर स्वर्गात जातो किंवा नरकात, एवढीच माहिती सामान्यतः आढळते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. कारण वसईतील त्या मिस्साचा अर्थ तिच्या आधारे लागत नाही. स्वर्गात पोहोचलेल्या आत्म्याला प्रार्थनेची गरज नाही आणि नरकातील आत्म्याला तिचा उपयोग नाही. मग ही प्रार्थना कोणासाठी केली जाते?

या प्रश्नाचे कॅथलिक उत्तर म्हणजे शुद्धिस्थान होय. गोमंतकीय बोलीत यासाठी पोर्तुगीजमधून आलेला ‘पुर्गातोर’ हा शब्द रूढ आहे. ईश्वराच्या मैत्रीत मरण पावलेला, परंतु पूर्णतः शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गप्रवेशापूर्वी ज्या शुद्धीकरणातून जातो ती ही अवस्था. येथे दोन गैरसमज प्रथमच दूर करणे आवश्यक आहे. शुद्धिस्थान म्हणजे अल्पमुदतीचा नरक नव्हे. तेथील प्रत्येक आत्म्याचा स्वर्ग निश्चित असतो. तसेच ती मृताला मिळालेली दुसरी संधीही नव्हे. निवड आयुष्यातच झालेली असते. वर्गात काही वेळा या संकल्पनेची तुलना पुनर्जन्माशी केली जाते. ती सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे. पुनर्जन्मात जीव नवे कर्म करतो. शुद्धिस्थानातील आत्मा स्वतःसाठी नवे पुण्य जोडू शकत नाही, आणि म्हणूनच जिवंतांच्या प्रार्थनेला तेथे महत्त्व येते.

शास्त्राधाराचा वाद

कॅथलिक पक्ष यासाठी प्रथम मक्काबी यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाचा आधार घेतो. युद्धात पडलेल्या यहुदी सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजेशी संबंधित ताईत सापडतात. सेनापती यहूदा त्यांना टाकून देत नाही. तो सैन्यातून चांदीच्या सुमारे दोन हजार द्राख्मांची वर्गणी जमवून मृतांच्या पापांसाठी बली अर्पण करण्याकरिता ती यरुशलेमला पाठवितो. ग्रंथकर्ता या कृतीची स्तुती करतो.

परंतु मराठी वाचक बायबल सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या ‘पवित्र शास्त्र’ या नेहमीच्या प्रतीत हा अध्याय शोधू लागला तर तो त्याला मिळणार नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. मक्काबींचे दोन्ही ग्रंथ या अधिकच्या सातांत मोडतात. मार्टिन ल्यूथर याने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात या ग्रंथांना वेगळे काढून दुय्यम स्थान दिले, तर ट्रेंट येथील परिषदेने १५४६ साली त्यांना पूर्ण मान्यता दिली. म्हणजे शुद्धिस्थानाचा निम्मा वाद अर्थनिर्णयाचा नसून कोणता ग्रंथ प्रमाण मानावयाचा याचा आहे. आपल्याकडील शब्दप्रामाण्याच्या चर्चेची ज्यांना सवय आहे त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल.

दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या ग्रंथांत करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय महत्त्वाचा ठरतो. प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल, काम जळाले तरी तो स्वतः तारला जाईल, पण जणू अग्नीतून, असे पौल तेथे सांगतो. कॅथलिक भाष्यकार यात शुद्धीकरणाचा अग्नी पाहतात. प्रोटेस्टंट भाष्यकारांच्या मते हा अखेरच्या न्यायदिनी सेवाकार्याच्या कसोटीचा दृष्टान्त आहे. वचन एकच, परंतु त्याने कोणाचेही मत बदललेले नाही.

संकल्पनेची घडण

मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल मात्र या सिद्धान्ताहून जुनी आहे. संत ऑगस्टीनची आई मोनिका इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे निवर्तली. देह कोठेही पुरा, पण वेदीपाशी माझे स्मरण करा, एवढीच तिची मागणी होती, असे ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात नोंदविले आहे. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की ‘शुद्धिस्थान’ हे नाम लॅटिन लेखनात बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्थिर होते. त्यापूर्वी शुद्ध करणारा अग्नी आहे, परंतु त्या नावाचे स्थळ नाही. पुढे लियॉन (१२७४) व फ्लॉरेन्स (१४३९) येथील परिषदांनी सिद्धान्ताला अधिकृत रूप दिले. दरम्यान दान्तेने त्याला सात कडांच्या पर्वताचे रूप दिले होते, आणि लोकमानसावर परिषदांच्या ठरावांपेक्षा कवीचाच ठसा अधिक उमटला असे म्हणावे लागते.

ल्यूथरचा रोष प्रथम या सिद्धान्तावर नव्हता. १५१७ मध्ये त्याने हल्ला चढविला तो पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर. मृत आप्ताची सुटका पैशाने विकत घेता येते, हा समज त्याला असह्य झाला. शुद्धिस्थान त्याने उघडपणे नाकारले ते १५३० साली. त्यामागील तर्क स्पष्ट आहे. तारण केवळ कृपेने व विश्वासाने मिळते आणि ख्रिस्ताचे बलिदान पूर्ण आहे, तर मृत्यूनंतर फेडावयाचे काही शिल्लक राहतेच कसे? ट्रेंट परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये शुद्धिस्थान आहे आणि तेथील आत्म्यांना प्रार्थनांचे, विशेषतः मिस्साचे साहाय्य होते, एवढेच सांगितले; अग्नी कसा व काळ किती यांविषयी ती काही बोलली नाही. उलट कुतूहल, अंधश्रद्धा आणि द्रव्यलोभ यांना आवर घालण्याची आज्ञा तिने बिशपांना केली. टीकेचा काही भाग ज्यांच्यावर होती त्यांनाही पटला होता, असाच याचा अर्थ होतो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने तिसरीच भूमिका घेतली. मृतांसाठी प्रार्थना त्यांना मान्य आहे. मुंबई-पुण्यातील केरळीय ऑर्थोडॉक्स कुटुंबांतही चाळिसाव्या दिवसाचे स्मरण पाळले जाते. मात्र शुद्ध करणारा अग्नी आणि उरलेल्या शिक्षेचा हिशोब ही पाश्चात्त्य मांडणी एफेससच्या मार्कने फ्लॉरेन्सच्या परिषदेत नाकारली.

मराठी भूमीवरील दोन प्रवाह

हे मतभेद महाराष्ट्रात एकाच वेळी आले नाहीत. पोर्तुगीजांबरोबर आलेला कॅथलिक प्रवाह सोळाव्या शतकातला. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली, म्हणजे ट्रेंटचा ठराव ताजा असताना, गोव्यात आले. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या या ओवीबद्ध ग्रंथात त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरला. प्रोटेस्टंट प्रवाह एकोणिसाव्या शतकातला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ पासून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) सुरू झाले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन ज्या वेस्टमिन्स्टर श्रद्धानाम्याला बांधलेले होते, त्यात देहापासून विलग झालेल्या आत्म्यांसाठी स्वर्ग व नरक या दोहोंवाचून अन्य स्थान शास्त्राला ठाऊक नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

या प्रवाहाने घडविलेल्या मराठी बायबलची भाषा लक्षणीय आहे. तेथे ‘वैकुंठ’ नाही. मृतांच्या सर्वसाधारण स्थानासाठी ‘अधोलोक’, शिक्षेच्या स्थानासाठी ‘नरक’ आणि वधस्तंभावरील पश्चात्तापी गुन्हेगाराला येशूने जे स्थान देऊ केले त्यासाठी ‘सुखलोक’ असे शब्द आले. या गुन्हेगाराला दिलेले अभिवचन प्रोटेस्टंट युक्तिवादात मोलाचे मानले जाते. जन्मभराचा अपराधी ‘आज’च सुखलोकात जात असेल तर मधल्या शुद्धीकरणाला वाव कोठे? पुण्यातील स्पायसर शिक्षणसंस्था ज्यांची आहे त्या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक मात्र हेच वाक्य निराळ्या तऱ्हेने वाचतात. त्यांच्या मते ‘आज’ हा शब्द जाण्याशी नव्हे तर सांगण्याशी जोडावयाचा : मी तुला आज सांगतो. मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे नसल्याने हा वाद स्वल्पविरामावर येऊन थांबतो. पुनरुत्थानापर्यंत मृत निद्रिस्त असतात, असे हा पंथ मानत असल्याने त्याच्या दृष्टीने स्वर्ग, नरक वा शुद्धिस्थान यांपैकी कोठेही आज कोणी मृत मनुष्य यातना भोगत नाही.

पूर्वजांचा प्रश्न

युरोपात हा वाद पैसा आणि धर्मसत्तेभोवती फिरला. मराठी भूमीत त्याला वेगळी धार आली, कारण येथे धर्मांतरिताच्या मागे श्राद्धाची परंपरा होती. पिंडदान दोन्ही पंथांनी वर्ज्य ठरविले. परंतु कॅथलिकाला त्याच्या जागी मिस्सा मिळाली. गोव्यात लग्नापूर्वी घरातील मृतांच्या स्मरणार्थ गरिबांना बोलावून ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालण्याची कॅथलिक चाल आहे. तीत जुन्या संस्काराची आठवण दिसत असली तरी आशय बदललेला आहे. श्राद्धात अधिकार वारसाचा असतो आणि सपिंडीकरणाने मृताला प्रेतावस्थेतून पितरांत स्थान मिळते. मिस्सा मात्र शेजाऱ्यालाही, परक्यालाही सांगता येते. तिच्याने मृताची गती बदलत नाही, वाट सुकर होते.

प्रोटेस्टंट धर्मांतरिताच्या हाती असा कोणताच विधी राहिला नाही. त्याच्या दफनविधीतील प्रार्थना मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते. मृत ईश्वराच्या हाती सोपविला की जिवंतांचे कर्तव्य संपते. यात मोठी निश्चिंतता आहे हे मान्य केले पाहिजे. मृताच्या नावाने देणे-घेणे उरत नाही आणि पुरोहिताकडे जाण्याचे कारणही उरत नाही. परंतु बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आईवडिलांचे काय, हा पहिल्या पिढीचा प्रश्न या निश्चिंततेत बसत नव्हता. प्रोटेस्टंटांमध्येही याविषयी एकमत नव्हते. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली इव्हँजेलिकल अँग्लिकन मिशनमध्ये ख्रिस्ती झाले, परंतु पुढे कॅथलिक वळणाच्या अँग्लिकन परंपरेकडे, कावली फादरांच्या संघाकडे वळले. पुण्यातील पंचहौद मिशन याच परंपरेचे. आणि मृतांसाठी प्रार्थना या परंपरेने त्याज्य मानली नाही. १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन असे दोन्ही प्रवाह एका छत्राखाली आले.

अलीकडील कॅथलिक मांडणी मध्ययुगीन चित्रापासून बरीच दूर गेली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये शुद्धिस्थान हे स्थळ नसून अस्तित्वाची अवस्था आहे असे सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या परिपत्रात, जाळणारा व तारणारा हा अग्नी म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताची भेट होय, या काही आधुनिक धर्मवेत्त्यांच्या मताला अनुकूलता दर्शविली. त्या भेटीचा काळ आपल्या घड्याळाने मोजता येत नाही, असेही ते म्हणतात. अनेक प्रोटेस्टंट विचारवंतांना ही भाषा परकी वाटणार नाही. तरीही जिवंतांची प्रार्थना मृताला पोहोचते काय, या मुद्द्यावर अंतर कायम आहे.

१९८३ च्या कॅथलिक धर्मविधी संहितेतील ९०१ वा नियम या संदर्भात पाहण्याजोगा आहे. त्यानुसार धर्मगुरूला जिवंत वा मृत अशा कोणाही व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. मृत व्यक्ती बाप्तिस्मा घेतलेली असावी अशी अट तेथे नाही. वसईतील एखादा कॅथलिक आपल्या हिंदू आजोबांच्या नावाने मिस्सा सांगू शकतो तो या नियमाच्या आधारे, आणि यहूदाने ज्यांच्यासाठी वर्गणी जमविली त्या सैनिकांच्या अंगावरही परदेवतांचे ताईत होतेच. त्याच आजोबांचा दुसरा नातू प्रोटेस्टंट असेल तर तो त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करील, त्यांचा न्याय ईश्वरावर सोपवील; त्यांच्यासाठी काही मागणार मात्र नाही.