राखेचं सिमेंट कच्चं नसतं

‘स्लॅबला त्रेपन्न ग्रेडच टाका, ते राखेचं नको.’ यवतमाळच्या लोहाऱ्यात कुठंही नवं घर उठू लागलं की हे वाक्य ऐकू येतंच. मिस्त्री सांगतो, दुकानदार दुजोरा देतो, घरमालक मान डोलावतो. राख म्हणजे भेसळ, हे आपण ठरवूनच टाकलंय.

‘राखेचं’ म्हणजे पीपीसी, पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. आयएस १४८९ या मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. औष्णिक वीज केंद्रातली ही बारीक राख मोजून-तपासून घातलेली असते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो. साध्या सिमेंटमध्ये तो तसाच पडून राहतो, पीपीसीमध्ये राखेतली सिलिका त्याला धरते आणि आणखी चिकट बंध तयार होतो. छिद्रं बुजतात, ओल कमी शिरते. ही भेसळ कशी, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि साध्या सिमेंटचा ‘त्रेपन्न’ हा आकडा प्रयोगशाळेतल्या सिमेंटच्या चाचणीचा आहे, तुमच्या स्लॅबचा नाही. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीला किमान एम २० काँक्रीट लागतं, म्हणजे २८ दिवसांनी २० मेगापास्कल. पीपीसी स्वतः २८ दिवसांनी किमान ३३ मेगापास्कलला उतरावं लागतं. घराचा स्लॅब खराब होतो तो बहुधा मिक्सरमध्ये अंदाजाने ओतलेल्या पाण्याच्या जादा बादलीमुळे. तिच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही!

एक खरं, पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको आणि तराई जास्त दिवस हवी: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०, आणि कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवसांची शिफारस आहे. यवतमाळच्या मे महिन्यात १४ दिवस पाणी मारायचं म्हणजे टँकरचा खर्च आलाच. पण ही अडचण पाण्याची आहे, राखेची नव्हे. ओली पोती अंथरा, किंवा स्लॅब हिवाळ्यात घ्या.

एवढा आटापिटा का? चुनखडी भाजली की १०० किलोतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो इंधनाचा धूर नव्हे, दगडातलाच वायू. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी निघणारच. इंधन धरून साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे साधारण ४० किलो वायू हवेत जातो. पोत्यात राख जेवढी जास्त, तेवढी भाजलेली चुनखडी कमी. आपल्याच जिल्ह्यात मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे आणि राखेचे ढीग चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात. दोन्ही हाताशी असून आपण त्रेपन्नसाठी अडून बसतो.

बाकीचे समज थोडक्यात. ‘वीजबिल कमी आलं की घर हरित’: बांधकामाचा कार्बन गृहप्रवेशाआधीच हवेत गेलेला असतो, एलईडी लावून तो परत येत नाही. ‘लोखंड सगळं सारखंच’: नाही, खनिजापासून झोतभट्टीत केलेल्या पोलादापेक्षा भंगार वितळवून केलेल्याचा कार्बन बराच कमी. ‘मातीचं घर म्हणजे गरिबी’: सेवाग्रामची बापूकुटी जाऊन पाहा.

‘हरित बांधकामाचे नियम मुंबई-पुण्याचे’ हा समज मात्र महाग पडतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यवतमाळलाही लागू आहे. हरित मानांकन मिळालेल्या इमारतीला त्यात ३ ते ७ टक्के जादा एफएसआय मिळतो, पण दर चौरस मीटरला किती कार्बन चालेल, याची मर्यादा नाही. डेन्मार्कने १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना ती २०२३ पासूनच घातली. आपल्याकडे केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना राख वापरणं बंधनकारक आहे, अट एवढीच की केंद्राने ती फुकट आणि स्वखर्चाने पोहोचवावी. चंद्रपूरपासून आपण त्या टप्प्यात अगदी आरामात येतो.

नियमावलीत बदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. हरकत घ्यायला आपण जातो ते आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलं तरच. पुढच्या नोटिशीला एक साधा कागद द्या: सार्वजनिक इमारतीच्या अंदाजपत्रकात सिमेंटचा प्रकार, राखेचं प्रमाण आणि तराईचे दिवस लिहिलेले असावेत, आणि ते कामाच्या फलकावर लावावेत.