फ्रीजरमधले दहिवर

कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावरचे दव गोठते, हे तुम्ही वाचले असेल. पण भर पावसाळ्यात, समुद्राकाठी दहिवर साठलेले मी पाहिले आहे! कुठे म्हणाल? मीरा-भाईंदरमधील तारोडी गावी, एका स्नेह्यांच्या घरी, मासळी ठेवायच्या डीप फ्रीजरमध्ये.

झाकण उघडले तर आतल्या भिंतींवर बोटभर जाडीचा पांढरा थर! सुरमईच्या पिशव्या त्यात रुतून बसल्या होत्या. वहिनींनी बर्फ फोडायला सुरी उचलली, तसा मी ओरडलोच, “वहिनी, थांबा!” भिंतीच्या पत्र्यामागेच थंडावा देणाऱ्या वायूच्या नळ्या असतात. नळीला भोक पडले की वायू निसटतो आणि फ्रीजर निकामी होतो. अनेक नव्या यंत्रांत आयसोब्यूटेन वापरतात. तो तर ज्वालाग्राही आहे.

“अहो सर, मागच्या महिन्यातच साफ केला होता,” वहिनी म्हणाल्या. मग एवढा बर्फ आला कुठून?

आपण प्लग काढून बर्फ वितळू दिला. मासळी तोवर बर्फाच्या पेटीत ठेवली. आत कोमट पाण्याची पातेली ठेवताच थर सुटू लागले. वितळलेले पाणी मापून पाहिले, तर भरले साडेतीन लिटर!

आता थोडे गणित करू. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. उणे १८ अंशांना तेवढ्याच जागेत जेमतेम १ ग्रॅम मावते. उरलेले २३ ग्रॅम थंड भिंतीवर थेट बर्फ होऊन बसते. हा फ्रीजर १०० लिटरचा. झाकण उघडताच आतली सगळी हवा बदलते असे धरले, तरी एका वेळी २.३ ग्रॅम बाष्प आत येणार. दिवसातून दहा वेळा उघडला तर २३ ग्रॅम, आणि महिन्याला सुमारे ७०० ग्रॅम. मग बाकीचे पावणेतीन लिटर पाणी कुठले?

उघडच आहे, झाकण बंद असतानाही हवा आत शिरत होती! आम्ही कागदाची पट्टी झाकणाखाली धरून ओढून पाहिली. तीन कोपऱ्यांत ती घट्ट अडकली, चौथ्यात मात्र अलगद निघून आली. तिथली रबरी पट्टी खवल्यांनी माखून दबली होती. साबणाच्या पाण्याने ती धुतली आणि गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकून सरळ केली. ओली मासळी उघडी ठेवली तर तिच्यातले पाणीही भिंतींवर जाऊन बसते, म्हणून ती बंद डब्यांत भरली. पुढच्या महिन्यात पाणी निघाले अर्धा लिटर!

पण बर्फ साठला तर बिघडले कुठे? एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी आणि पाण्याचा बर्फ होताना ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ही सारी उष्णता यंत्राला उपसावी लागते. शिवाय भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते. गोधडीसारखा तो उष्णतेला अडवतो. मग भिंत गार, पण मासळी पुरेशी गार नाही. कॉम्प्रेसर चालतच राहतो आणि विजेचे बिल वाढते. म्हणून थर अर्धा सेंटिमीटर झाला की तो वितळवून टाकावा.

हे दहिवर तुम्हालाही तयार करता येईल. स्टीलच्या कोरड्या पेल्यात बर्फाचा चुरा घ्या, त्यात त्याच्या एक तृतीयांश मीठ घालून ढवळा. थोड्याच वेळात पेल्याला बाहेरून पांढरे कण चिकटतील. ते पाणी पेल्यातून झिरपले का? बोटाला लावून चव घ्या. खारट लागते का? लागत नसेल, तर ते आले कुठून हे तुम्हीच सांगा!