चाकांवरचे घर आणि नार्व्याची फेरी

पर्यटनाच्या व्यवसायात दर काही वर्षांनी एक नवा शब्द अवतरतो आणि त्याच्या पाठोपाठ परवाने, सवलती व जमिनींचे नकाशे येतात. ‘कॅराव्हॅन’ हा असाच एक शब्द होय. निजण्याची, रांधण्याची व शौचाची सोय असलेली मोठी मोटार घ्यावी, किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, मन रमेल तेथे मुक्काम ठोकावा आणि जाता जाता एखादे बेट वाटाड्याबरोबर पाहून घ्यावे, अशी ही कल्पना. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅराव्हॅन आणि त्यांचे तळ यांसंबंधी धोरण पूर्वीच आखले आहे. 2021 साली महाराष्ट्राने व केरळनेही आपापली धोरणे जाहीर केली. सिंधुदुर्गाच्या बाजूने किनाऱ्याने उतरणारी अशी गाडी गोव्यात प्रथम शिरते ती पेडणे तालुक्यात. तेव्हा या पाहुण्याचे स्वागत कसे करावे, याचा विचार सर्वांआधी पेडणेकरांनी करणे प्राप्त आहे.

गोव्याला हा प्रकार अगदीच अपरिचित आहे असे नाही. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल असा खुष्कीचा प्रवास करीत जुन्यापुराण्या बसगाड्यांतून व व्हॅनमधून हणजूण, हरमलपर्यंत येऊन पोहोचत असत. 1979 साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या आणि तो मार्ग मिटला. त्या मंडळींच्या राहणीविषयी आपल्याकडे बरेच बोलले गेले, आणि ते सर्वस्वी अनाठायी होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. येथे आल्यावर त्यांतले पुष्कळजण गावकऱ्यांच्या घरी भाड्याच्या खोलीत राहिले, पदेराकडचा पाव खाल्ला, रापणकाराकडची मासळी विकत घेतली. त्यांचे पैसे थोडे असत, पण ते गावात पडत.

चाकांवरचे घर मात्र सगळा संसार बरोबर घेऊन येते. तांदूळ पुण्याचा, सिलिंडर कोल्हापूरचा, बिछाना गाडीतलाच. गावाकडून त्याला हवे असते ते पिण्याचे पाणी, विजेची तार आणि उभे राहण्यापुरती जमीन. आणि गावाला ते देऊन जाते सांडपाणी व शौचटाकीतील मैला. म्हाताऱ्या आईवडिलांना वा लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला या गाडीचे मोल किती आहे, हे आम्ही जाणतो. हॉटेलांच्या नव्या इमारतींपेक्षा ही गाडी किनाऱ्याला कमी बाधक, हा युक्तिवादही एका मर्यादेपर्यंत खरा आहे. पण ती मर्यादा कोणती, हे आधी ठरवून घेतले पाहिजे.

कारण कॅराव्हॅनच्या पुरस्कर्त्यांचे सर्वांत लाडके विधान असे की, जेथे पक्के बांधकाम करता येत नाही, तेथेही ही गाडी उभी राहू शकते. नेमका येथेच आमचा आक्षेप आहे. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राखावा असे इंदिरा गांधींनी 1981 साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. पुढे 1991 साली किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. त्यामागचा हेतू केवळ विटा व सिमेंट अडविण्याचा नव्हता. वाळूचे टेकाड, केवड्याची बेटे, होड्या ओढण्याची जागा आणि रात्रीचा अंधार, हे सारे राखण्याचा तो हेतू होता. अंधाराचा उल्लेख मुद्दाम करीत आहोत. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात आणि वनखाते त्या घरट्यांना कुंपण घालून पहारा ठेवते. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या रोखाने चालते. समुद्राच्या फिकट उजेडाऐवजी गाड्यांचे दिवे दिसले की ते उलट दिशेने जाते आणि मरते. एक गाडी म्हणजे बांधकाम नव्हे हे मान्य. पण नळ, वीजजोड आणि मैल्याचा खड्डा यांसह ओळीने उभ्या राहिलेल्या वीस गाड्या ही वस्तीच होय, मग तिला चाके असोत वा नसोत.

शिवाय कायद्यात मेळ हवा. गोवा विधानसभेने 2019 साली पर्यटनस्थळांच्या रक्षणाचा कायदा दुरुस्त करून उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करणाऱ्यास दंड ठरविला. बसगाडीतून आलेल्या, दगडांच्या चुलीवर भात शिजविणाऱ्या गरीब सहलकऱ्याला दंड, आणि त्याच जागी महागड्या गाडीचे पडवीवजा छत उघडून मांस भाजणाऱ्याला सलाम, असे होता कामा नये.

मग या गाडीला परत पाठवावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. तिने वळण घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. पेडण्यात शिरणाऱ्याला किनाऱ्याशिवाय काही दाखवायचेच नाही, अशी आपण जणू शपथ घेतली आहे. 1955 च्या 15 ऑगस्टला पत्रादेवी येथे पंजाबचे कर्नैलसिंग पोर्तुगीज गोळीला बळी पडले; तेथील स्मारकासमोरून रोज शेकडो वाहने भरधाव जातात. त्याच्या आदल्या वर्षी त्याच दिवशी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला. नंतर त्याच किल्ल्यात वर्षानुवर्षे हॉटेल चालले आणि तेथून दिसणाऱ्या सूर्यास्ताची जाहिरात झाली. ही दोन स्थळे पाहून गाडीने समुद्राकडे पाठ करावी व म्हापसा, अस्नोड्यावरून डिचोलीचा रस्ता धरावा. कारण बेटाची जी फेरी घडवावयाची, तिचा खरा आरंभ डिचोली तालुक्यातील नार्व्यातून होतो.

गोव्यात नार्वे दोन आहेत. एक मांडवीने वेढलेल्या दिवाडी बेटावर, दुसरे पाण्यापलीकडे डिचोलीत. मध्ये मांडवीचा फाटा आणि काही मिनिटांची फेरीबोट. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीवरील नार्व्याचे. आपल्या नाण्यांवर व लेखांत कदंब स्वतःस या देवाच्या वरप्रसादाने राज्य लाभलेले म्हणवितात. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत ते देवालय उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले आणि 1540 च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडले. त्या वेळी दिवाडी पोर्तुगिजांकडे होती, पण पलीकडचा काठ नव्हता. डिचोली त्यांच्या ताब्यात गेली ती 1781 साली आणि पेडणे 1788 साली. म्हणजे आज ज्या पाण्यावरून शाळेची मुले व दुधाच्या किटल्या ये-जा करतात, ते पाणी अडीचशे वर्षांच्या आसपास दोन राज्यांची सीमा होते. भाविकांनी लिंग नेले ते याच सीमेपलीकडे, हिंदळे येथे. आणि देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून आले, असे मानले जाते. 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथे देवालय उभारविले. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे शासनाने जीर्णोद्धार करून 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले केले. दिवाडीवर उरली आहे ती कोटितीर्थाची पुष्करणी.

हा इतिहास सांगणारा माणूस कोण असावा, हा आमच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा 1982 चा कायदा मार्गदर्शकांनाही लागू आहे. परंतु नोंद करणे वेगळे आणि शिकविणे वेगळे. काही वाटाडे दिवाडीची सगळी कथा ‘जुनी पोर्तुगीज घरे’ या तीन शब्दांत आटोपतात. काही उलट टोकाला जाऊन देऊळ पाडल्याचा जाब आजच्या दिवाडीकरालाच विचारावा अशा आवेशात बोलतात. दोन्ही अन्यायाचेच. ज्यांच्या पूर्वजांसमोर ते देवालय पडले, त्यांतल्या कित्येकांचे वंशज आज पिएदादच्या टेकडीवरील चर्चमध्ये प्रार्थना करतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचे झेंडे घेऊन निघतात तेही तेच लोक. आणि त्या उत्सवाचे मूळ धर्मात नसून वाड्यावाड्यांतील सीमेच्या तंट्यात आहे, म्हणजे अस्सल गावकीचे आहे. काही न लपविता आणि कोणाला न दुखविता हे सांगायचे तर सांगणारा तिथलाच हवा. एक दिवाडीचा आणि एक नार्व्याचा, अशी जोडी असेल तर अधिक चांगले.

त्या माणसाने खाजन शेतीही दाखवावी. खाऱ्या पाण्याला अडविणारे बांध, भरतीच्या जोराने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशींची लाकडी दारे, खारट जमिनीत तग धरणारे कोरगूट भात, ही किमया कोणत्याही किल्ल्याहून कमी नाही. बांध एकदा फुटला की शेत खारे होते आणि पुन्हा पिकाला यायला कित्येक पावसाळे जावे लागतात. अशा बांधांवरून आणि त्यांना लागून गेलेल्या अरुंद रस्त्यांवरून बसएवढी गाडी नेणे हा शुद्ध अविचार ठरेल. शेजारच्या चोडण बेटावर, खारफुटीतील सलीम अली पक्षी अभयारण्यात, पाहुण्याने होडीत बसून गुमान फिरायचे असते. अवघे 1.8 चौरस किलोमीटरचे ते वन त्यामुळेच टिकले आहे. तोच नेम दिवाडीला लावावा. कॅराव्हॅन अलीकडच्या काठावर राहील आणि माणसे पायी फेरीबोटीत चढतील.

गाड्यांच्या तळासाठी समुद्रकिनारा किंवा खाजन यांतली तसूभरही जमीन देऊ नये. डिचोलीत खाणींनी वापरून टाकलेली सपाट, कठीण जमीन आहे. तिच्यातील निर्धोक तुकडे निवडता येतील. 2012 साली खाणी बंद झाल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि कर्जाने ट्रक घेतलेल्या घरांवर काय ओढवले हे डिचोलीला सांगायला नको. अलीकडे काही खाणी लिलावानंतर सुरू झाल्या असल्या, तरी पूर्वीइतके काम सर्वांच्या वाट्याला आलेले नाही. अवजड वाहन घाटात व पावसात सांभाळणारे हे कसबी चालक आहेत. या गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी चालक गोव्याबाहेरून आणण्याचे काहीच कारण नाही.

तळाला परवाना देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती, मैला उपसण्याची व तो प्रक्रियेला नेण्याची लेखी व्यवस्था आणि मुक्कामामागे पंचायतीला मिळणारी ठरावीक रक्कम, या तीन अटी सरकारने कागदावर आणाव्यात. फेरीबोटीच्या बाबतीत आणखी एक सूचना करावीशी वाटते. सकाळी शाळा-कचेरीच्या आणि सायंकाळी परतीच्या वेळी नार्व्याच्या धक्क्यावर पहिला हक्क गावकऱ्यांचा राहील, पाहुण्यांनी पुढच्या फेरीची वाट पाहावी, असा फलक नदी परिवहन खात्याने तेथे आताच लावून टाकावा. गर्दी झाल्यावर तो लावणे कठीण जाईल.