कुंडीतला लव्हाळा

नर्सरीत जाऊन ‘लव्हाळ्याचं रोप आहे का?’ असं विचारून बघा. माळीबुवा तुमच्याकडे बघतच राहतील. शेतकरी जे तण जन्मभर खुरपून काढतो, ते विकत कोण घेणार? पण महागाचं फर्न आणून दोन महिन्यांत त्याचं वाळवण केलं असेल, तर हा गडी खास तुमच्यासाठी आहे. शिवाय फुकट.

लव्हाळ्याला आपण सरसकट गवत म्हणतो, पण तो गवत नव्हे. फुलोऱ्याचा देठ चिमटीत धरून फिरवा, तीन कडा बोटांना लागतील. गवताची काडी बहुधा गोल आणि पोकळ, याची त्रिकोणी आणि भरीव. टोकाला तांबूस तपकिरी तुरे.

तुकोबांच्या अभंगातलं, पुरातून वाचणारं लव्हाळं शाळेत ऐकलं असेलच. त्याची खरी गंमत मातीखाली आहे. तिथे माळेसारख्या एकापुढे एक गाठी असतात. वरचा शेंडा उपटला की खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून तर जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याचं नाव पहिलं घेतात!

त्यामुळे एक अट पक्की. कुंडीतच लावायचा, जमिनीत कधीच नाही. शेतातला प्लास्टिकचा मल्चिंग पेपरसुद्धा तो टोचून वर येतो, तेव्हा ग्रो-बॅग नको. पसरट, जाड कुंडी घ्या आणि ती मातीवर न ठेवता खाली ताटली ठेवा. नाहीतर भोकातून पसार झालाच म्हणून समजा, आणि मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचंच नाव गाजेल.

पहिला पाऊस झाला की बांधावरून चार-पाच गाठी उकरून आणा. तणनाशक मारलेला बांध मात्र टाळा. इंच-दीड इंच खोल लावा. ऊन भरपूर हवं, सावलीत तो रडतो. माती ओलसर ठेवा. सुट्टीत गावाला गेलात आणि पानं पिवळी पडली तरी घाबरू नका. ती कापा, पाणी घाला, गाठी पुन्हा फुटतात. खताचे लाड नकोत.

दिवाळीच्या आधी कुंडी रिकामी करा. गाठी धुऊन, वरची मुळं काढून सावलीत वाळवा. एक फोडून हुंगा. ओळखीचा वास येतोय? उटण्यातला नागरमोथा तो हा, नाहीतर याचा सख्खा भाऊ. आयुर्वेदात याला मुस्ता म्हणतात. घरी दळून उटण्यात घाला, आधी हातावर थोडं लावून बघा. पोटात घ्यायचा विचार मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

उरलेली माती बागेत ओतू नका. चाळून, राहिलेल्या गाठी कडक उन्हात पार वाळवूनच टाका. आणि हो, चार-पाच टपोऱ्या गाठी ओल्या मातीत बाजूला ठेवा, पुढच्या कुंडीसाठी.