हॉकीपटूंना बोली मिळाली, वाटाघाटीचा हक्क कधी?

देवनहळ्ळी (बेंगळुरू) : राष्ट्रीय हॉकी शिबिरासाठी विमानाने येणारे खेळाडू देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळावर उतरतात आणि शहर ओलांडून भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात जातात. याच देवनहळ्ळी परिसरात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उत्कृष्टता केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. ४० एकरांत तीन मैदाने आणि ८६ खेळपट्ट्या अशी त्याची व्याप्ती आहे. दोन खेळांमधील आर्थिक दरी येथे सहज नजरेत भरते. मात्र हॉकीपटूंच्या दृष्टीने पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : कराराच्या अटी कोण ठरवतो?

उत्पन्नाचे तुकडे

क्रिकेट मंडळाच्या २०२४-२५ च्या वार्षिक करारांत पुरुष खेळाडूंसाठी एक कोटी ते सात कोटी रुपयांपर्यंतच्या चार श्रेणी होत्या. हॉकीपटूचे उत्पन्न मात्र तुकड्यातुकड्यांनी जमते. रेल्वे, पोलीस वा तेल कंपनीतील नोकरीचे वेतन, निवडक खेळाडूंना ‘टॉप्स’ योजनेतून मिळणारा दरमहा ५० हजार रुपयांचा भत्ता, स्पर्धांमधील बक्षिसे आणि हॉकी इंडिया लीगचे मानधन, असे हे तुकडे आहेत.

सात वर्षांच्या खंडानंतर ही लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत झालेल्या लिलावात सूरमा हॉकी क्लबने हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख रुपये मोजले. ती त्या लिलावातील सर्वोच्च बोली ठरली. महिलांमध्ये उदिता दुहानला सर्वाधिक ३२ लाख रुपये मिळाले.

लिलाव म्हणजे वाटाघाट नव्हे

बोलीचे आकडे डोळ्यांत भरतात. पण ज्या चौकटीत बोली लागते ती आयोजकांनी आखलेली असते. प्रत्येक पुरुष संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त चार कोटी, तर महिला संघाला दोन कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. खेळाडूंची मूळ किंमत दोन, पाच किंवा दहा लाख रुपये अशी निश्चित होती. बोली लागल्यावर खेळाडू त्या संघाचा होतो. संघ निवडण्याचा पर्याय त्याच्याकडे नसतो. दुखापत झाल्यास मानधनाचे काय, पैसे थकल्यास दाद कोठे मागायची, संघच बंद पडल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न ७८ लाखांच्या खेळाडूपेक्षा दोन लाखांच्या खेळाडूला अधिक भेडसावतात. एकट्याने अटी बदलून घेण्याची ताकद त्याच्याकडे नसते. सामूहिक वाटाघाट ही संकल्पना नेमकी याच ठिकाणी येते.

अमेरिकेतील आईस हॉकीचे उदाहरण

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळाडूंची संघटना १९६७ पासून कार्यरत आहे. तेथेही संघाच्या खर्चावर मर्यादा आहे. पण ती संघमालक आणि संघटना यांच्यातील लेखी करारातून येते. त्याच करारात किमान वेतन, नवोदितांच्या कराराची मुदत आणि वेतनाच्या वादासाठी लवाद यांची तरतूद आहे. हॉकीशी संबंधित महसुलाची मालक व खेळाडू यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी होते. हे सुखासुखी घडले नाही. मर्यादेच्या वादातून मालकांनी टाळेबंदी केली आणि २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. अखेर खेळाडूंना मर्यादा मान्य करावी लागली. मात्र मर्यादेसोबत महसुलातील हिश्श्याचे सूत्रही लेखी करारात आले.

पुण्यातील बहिष्कार

भारतीय हॉकीपटूंनी एकजुटीचा मार्ग कधी अवलंबलाच नाही, असे नाही. जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीतील विश्वचषक जेमतेम दीड-दोन महिन्यांवर असताना, पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलातील शिबिरात कर्णधार राजपाल सिंगसह राष्ट्रीय संघाने थकीत रकमांसाठी सरावावर बहिष्कार टाकला. प्रत्येकी २५ हजार रुपयांचा प्रस्ताव खेळाडूंनी नाकारला. काही दिवसांनी तोडगा निघाला आणि संघ मैदानात परतला. परंतु त्यातून कायमस्वरूपी संघटना उभी राहिली नाही.

एकट्याने बोलण्याची जोखीम त्याआधीच दिसली होती. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्यानंतर पुण्याच्या खडकीचे कर्णधार धनराज पिल्ले आणि अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. महासंघाने विश्रांतीचे कारण पुढे केले. मानधनाची मागणी भोवल्याची चर्चा मात्र तेव्हा सर्वत्र होती. २०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीनंतरही खेळाडूंनी मानधन थकल्याच्या तक्रारी केल्या. त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही.

कायदा काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एका आस्थापनेत अनेक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीसाठी मान्यता मिळते. अडचण त्याच्या आधीची आहे. काही आठवडे लीग खेळणारा आणि एरवी रेल्वेत नोकरी करणारा हॉकीपटू लीगचा ‘कामगार’ ठरतो की स्वतंत्र कंत्राटदार? त्याचे उत्तर त्याच्या करारातील अटींवर आणि न्यायालयीन अर्थावर अवलंबून राहील.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांत खेळाडू समिती बंधनकारक केली आणि वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. हे पाऊल महत्त्वाचे आहे. तरीही महासंघाच्या रचनेत राहून म्हणणे मांडणारी समिती आणि मालकांसमोर बसून करारावर सही करणारी स्वतंत्र संघटना यांत फरक आहे. सधन क्रिकेटमध्येही २०१९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटू संघटना निवृत्त खेळाडूंपुरतीच आहे.

हॉकीपटूची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. बालेवाडीतील खेळाडूंना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी विश्वचषकाच्या तोंडावर सराव थांबवावा लागला. पुढच्या पिढीवर तीच वेळ येऊ नये, यासाठी लिलावाच्या आधी करारावर बोलण्याची जागा खेळाडूंना मिळणे आवश्यक आहे.