जुन्या पिनबॉल यंत्राची दुरुस्ती

१८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावरील एका प्रचलित डावात निरनिराळ्या रंगांच्या चेंडूंची भर घातली आणि स्नूकर हा खेळ जन्माला आला. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत. या घटनेच्या चारच वर्षे आधी, १८७१ मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेल या खेळातील सुधारणांचे पेटंट घेतले होते. बॅगाटेल म्हणजे खिळे ठोकलेले, किंचित उतरते असे बिलियर्डचेच धाकटे भावंड. रेडग्रेव्ह यांनी त्यातील काठी काढून टाकली व तिच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या बसविला. एकाच कुळातील दोन शाखा अशा वेगळ्या झाल्या. एक जबलपूरच्या टेबलावर हिरव्या बनातीशी एकनिष्ठ राहिली. दुसरी खिळे, स्प्रिंग आणि पुढे वीज यांच्या मार्गाने जाऊन पिनबॉल झाली.

१९३१ साली गॉटलिब कंपनीच्या 'बॅफल बॉल'ने हा खेळ अमेरिकेत घरोघरी माहीत करून दिला. लवकरच त्यात विद्युत्चुंबक आले; यंत्र हलविल्यास डाव बाद करणारी 'टिल्ट'ची योजनाही आली. १९४७ मध्ये 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रावर प्रथमच फ्लिपर बसविण्यात आले आणि खेळ निव्वळ नशिबाचा न राहता हाताच्या कौशल्याचा झाला. तरीही न्यूयॉर्क शहराने १९४२ साली जुगार म्हणून घातलेली बंदी १९७६ पर्यंत टिकून होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत इलेक्ट्रॉनिक मंडलांनी जुन्या रचनेची जागा घेतली. येथे विचार करावयाचा आहे तो त्याआधीच्या, रिले आणि मोटरवर चालणाऱ्या यंत्राचा.

यंत्राचे अंतरंग

अशा यंत्रात संगणक नसतो. त्याची स्मृती यांत्रिक असते. चेंडू एखाद्या लक्ष्यावर आदळला की दोन धातूची पाती एकमेकींना टेकतात. त्यामुळे रिलेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, रिले आपली पट्टी ओढून घेते व तिच्यावरील इतर स्पर्शबिंदू उघडतात किंवा मिटतात. गुण दाखविणारे चक्र एकेक घर पुढे सरकते. पन्नास किंवा पाचशे गुण द्यावयाचे असतील तर स्कोअर मोटर फिरते आणि तिच्यावरील खाचांच्या चकत्या पाच वेळा स्पंद पाठवितात. जुन्या स्वयंचलित टेलिफोन केंद्रांतही क्रमांक जुळविण्याचे काम रिले आणि पायरी-पायरीने सरकणारी यंत्रणा यांच्याच साहाय्याने चाले. ज्याने ते काम पाहिले असेल त्याला पिनबॉलचे पोट उघडल्यावर परके वाटणार नाही.

या रचनेत शेकडो स्पर्शबिंदू असतात आणि बहुतेक दोष त्यांपैकीच एखाद्यात दडलेला असतो. वेटोळे किंवा मोटर निकामी होणे त्या मानाने विरळा. म्हणून सुटे भाग बदलण्याची घाई करणारा मनुष्य बहुधा फसतो.

वीज आणि सुरक्षितता

अमेरिकी यंत्र जबलपुरात आले तर पहिली अडचण विद्युत्पुरवठ्याची. ते ११५ ते १२० व्होल्ट व ६० आवर्तनांसाठी बांधलेले असते. भारतात २३० व्होल्ट व ५० आवर्तने मिळतात. दाब उतरविणारे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, व्होल्टचा प्रश्न सोडविते, पण आवर्तने तीच राहतात. परिणामी मोटर काहीशी मंद फिरते आणि यंत्राच्या आतील रोहित्र अधिक तापते. यासाठी यंत्रावरील पट्टी आधी वाचावी व पहिल्या काही वेळा ते थोडाच वेळ चालवून रोहित्राची उष्णता तपासावी.

दुसरी गोष्ट जीविताशी संबंधित आहे. पुष्कळ जुन्या यंत्रांना दोनच तारांची दोरी असते आणि खेळणाऱ्याचे हात मात्र धातूच्या कडांवर असतात. जीर्ण वेष्टनाची तार या धातूला टेकली तर खेळ जिवावर बेतू शकतो. तीन तारांची नवी दोरी बसवून सर्व धातूचे भाग जमिनीशी जोडणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. ज्याला या कामाचा सराव नाही त्याने ते जाणत्या विद्युत्कारागिराकडून करून घ्यावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार कधीही घालू नये. फ्यूज हा दोष नसून दोषाची सूचना आहे.

लक्षणावरून कारणाकडे

प्रारंभ साध्या गोष्टींपासून करावा. डाव सुरू होताच बाद होत असेल तर रिले उघडण्याआधी टिल्टचा लोलक पाहावा. यंत्र एका अंगाला कलले असेल तर लोलक भोवतीच्या कड्याला टेकून राहतो. पाण्याच्या पातळीयंत्राने पाय सारखे केले की दोष नाहीसा होतो.

दुसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. सुरुवातीचे बटण दाबल्यावर मोटर फिरू लागते, पण थांबतच नाही. पाहणाऱ्यास मोटरचा दोष वाटतो. वस्तुतः मोटर आपले काम करीत असते. नवा डाव सुरू होताना प्रत्येक गुणचक्राला शून्यावर येईपर्यंत स्पंद मिळतात. शून्यावर येताच त्या चक्राचा स्विच उघडतो. सर्व चक्रे शून्यावर आल्याची खूण मिळाली की रिले सुटते व मोटर थांबते. एका चक्राचा स्विच नीट उघडला नाही, किंवा वाळलेल्या वंगणाने ते चक्र अडकले, तर ही खूण मिळतच नाही. तेव्हा मोटरला हात न लावता एकेक चक्र पाहत जावे. सर्व चक्रे शून्यावर दिसत असूनही मोटर फिरत असेल तर दोष स्विचमध्ये. एखादे चक्र मध्येच थांबले असेल तर दोष त्याच्या हालचालीत.

फ्लिपर दुबळा होणे हे तिसरे नेहमीचे लक्षण. फ्लिपरच्या वेटोळ्यात दोन गुंडाळण्या असतात : एक जाड तारेची, जोरदार फटका देणारी, दुसरी बारीक तारेची, फ्लिपर नुसता उचलून धरणारी. फटक्याच्या शेवटी उघडणारा स्विच तोवर दुसरीला वगळून ठेवतो. हा स्विच मळल्यास प्रवाह दोन्हींतून जातो व फटका मंदावतो. उलट, तो मुळीच उघडला नाही तर जाड गुंडाळणी तापून जळते. जळका वास येताच वीज बंद करावी. थोडा विलंबही वेटोळ्याचा घात करतो.

हाताचे काम

स्पर्शबिंदू साफ करताना यंत्राची दोरी भिंतीतून काढलेली असावी. रिलेवरील बिंदू बहुधा चांदीमिश्रित असतात. त्यांच्यात जाड कागदाची पट्टी धरून ती हलकेच ओढली की मळ निघतो. वाळूकागदाने ते खरवडून जातात. फ्लिपरच्या टंगस्टनच्या बिंदूंना मात्र बारीक कानस लागते. जबलपूरच्या पावसाळ्यात दीर्घकाळ बंद राहिलेल्या यंत्राचे बिंदू काळवंडतात, लाकडी पेटी फुगते आणि वाळवीची भीती असते. म्हणून ते भिंतीपासून दूर ठेवून अधूनमधून चालवावे. दट्ट्याला तेल देण्याचा मोह टाळावा. तेलावर धूळ बसते आणि तिची वंगणाऐवजी लुकण होते. नळी झिजली असल्यास ती बदलणे हाच उपाय.

तार सोडविण्यापूर्वी तिचा रंग व जागा लिहून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा व लगेच यंत्र चालवून पाहावे. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झाले तर कोणत्या बदलाने ते सुरू झाले हे कळत नाही. बिघडले तरी कळत नाही.

या यंत्रांचे कारखाने व ती दुरुस्त करणारे जुने कारागीर आता विरळ झाले आहेत. तथापि या यंत्रात काहीही झाकलेले नसते. प्रत्येक निर्णय एका पात्याच्या हालचालीने होतो, आणि ती हालचाल डोळ्यांना दिसते व कानांना ऐकू येते. धीर धरून ती पाहणाऱ्याला यंत्र स्वतःच आपला दोष दाखवून देते.