श्वासरोग्यास झोपेचे औषध देताना

“दम्याचे राहू द्या वैद्यराज, एक रात्र तरी स्वस्थ झोप लागेल असे काही द्या.” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा चिकित्सक आपल्यात विरळाच. रुग्णाची मागणी रास्त असते आणि ती पुरविणारी द्रव्येही आपल्या हाताशी असतात. नेमका येथेच धोका आहे. तो आम्हास ग्रंथातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून उमगला. म्हणून प्रथम ती चूकच व्यवसायबंधूंसमोर मांडतो.

काही वर्षांपूर्वी साठी उलटलेली एक शेतकरी स्त्री आमच्या चिकित्सालयात आली. विडीचे व्यसन नाही, परंतु सारा जन्म चुलीपुढे फुंकणी घेऊन काढलेला. खोकला, कफ आणि चढ चढताना धाप हा जुना इतिहास. पंधरा दिवसांपासून आई रात्री अंथरुणात उठून बसते, चिडचिड करते, दिवसा मात्र पेंगते, अशी मुलाची तक्रार. सकाळी डोके जड होऊन दुखते, असे ती स्वतः म्हणाली. आम्ही नाडी पाहिली, वातप्रकोपजन्य निद्रानाश ठरविला आणि तगर, जटामांसी व पारसिक यवानी यांचे चूर्ण रात्री घेण्यास दिले. गावातील औषधाच्या दुकानातून आणलेली अल्प्राझोलामची गोळी ती रोज घेत होती आणि खोकल्यासाठी कोडीनयुक्त सिरपही चालू होते. आम्ही विचारले नाही, तिने सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हाका मारूनही ती जागी होईना. जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्ततपासणीत कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साचल्याचे आढळले. मुखवट्यावाटे यंत्राने श्वास देऊन तिला वाचविण्यात आले. आमच्या चूर्णाचा त्यात वाटा किती, हे सांगता येणार नाही. मात्र घातक मात्रा कोणी एकाने दिली नव्हती. तिघांनी थोडी थोडी दिली होती.

निद्रेत श्वासाचे काय होते?

निरोगी मनुष्याचाही श्वास झोपेत उथळ होतो. स्वप्नावस्थेत मानेचे व बरगड्यांमधील स्नायू शिथिल होतात आणि श्वासाचा भार जवळजवळ एकट्या श्वासपटलावर पडतो. सी.ओ.पी.डी.च्या रुग्णात फुगलेल्या फुप्फुसांमुळे हेच पटल सपाट व दुर्बल झालेले असते. तो दिवसभर मानेच्या स्नायूंच्या आधारावर श्वास ओढत असतो आणि झोपेत तो आधारच सुटतो. परिणामी प्राणवायू उतरतो, कर्बवायू चढतो.

हा चढलेला कर्बवायू मस्तिष्कमूलातील श्वसनकेंद्रास चेतवितो, श्वास वाढतो किंवा झोप मोडते. ही शरीराची धोक्याची घंटा होय. शामक औषध ती घंटा मंद करते, घशाचे स्नायू सैल करते आणि रुग्णास जागे होऊ देत नाही. शिवाय फार साचलेला कर्बवायू स्वतःच गुंगी आणतो. गुंगीने श्वास मंदावतो, श्वास मंदावल्याने कर्बवायू वाढतो, आणि हे चक्र रुग्णास मूर्च्छेकडे नेते.

म्हणून आमचे प्रमुख प्रतिपादन असे की, श्वासरोग्याचा नव्याने उद्भवलेला निद्रानाश हा अन्यथा सिद्ध होईपर्यंत श्वासाचेच लक्षण मानावा. सकाळची डोकेदुखी, दिवसाची पेंग, बदललेला स्वभाव, हातांचा फडफडता कंप, उष्ण तळहात, पायांवरील सूज यांपैकी काहीही असल्यास झोपेचे औषध वर्ज्य समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

शास्त्राची साक्ष

सी.ओ.पी.डी. आणि तमकश्वास यांचे तंतोतंत समीकरण करता येत नाही. तरीही चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमकश्वासाच्या रुग्णाचे केलेले वर्णन येथे मार्गदर्शक आहे. आडवे होताच त्याची पीडा वाढते आणि बसल्याने त्यास आराम पडतो, हे त्यांनी टिपले आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाच्या कारणांत व्याधीचीही गणना आहे. कारण व्याधी असेल तर चिकित्सा व्याधीचीच व्हावी, हे ओघाने आले.

त्याच अध्यायात निद्राजनक उपायांत दूध, दही, आनूप मांसरस, मद्य यांचा उल्लेख येतो. रूक्ष, वातप्रधान देहास ते हितकर. परंतु कफाने श्वासमार्ग कोंडलेल्या रुग्णास रात्री म्हशीचे दूध किंवा दही देणे म्हणजे मूळ दोषास खतपाणी घालणे होय. अभ्यंग, संवाहन, मनःप्रसन्नता हे त्याच यादीतील उपाय मात्र श्वासास न दुखविता उपयोगी पडतात.

आपल्या फडताळातील द्रव्ये

अहिफेनाविषयी विशेष सांगणे नलगे. त्यातील मॉर्फिन श्वसनकेंद्रास थेट दाबते, आणि खोकला दबल्याने कफही आत साचतो. असाध्य धापेत तज्ज्ञ अल्पमात्रेत मॉर्फिन देतात, ते देखरेखीखाली. तो आधार घेऊन अहिफेनयुक्त कल्प चिकित्सालयातून देणे समर्थनीय नाही.

धत्तूर व पारसिक यवानी श्वासनलिका सैल करतात. कनकासवाची ख्याती त्यावरच आहे. परंतु त्यांतील हायोसिन गुंगी व वृद्धांत भ्रम आणते, कफ घट्ट करते, मूत्र अडविते. इप्राट्रोपियम वा टायोट्रोपियमचा फवारा चालू असल्यास हे दोष दुणावतात. सर्पगंधेतील रिसर्पिन नाक चोंदविते आणि मन खिन्न करते. तगर व जटामांसी सौम्य खऱ्या, तथापि झोपेच्या गोळीच्या जोडीला त्यांची सौम्यता गृहीत धरू नये. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. विहित मात्रेत तो अल्प असला तरी बाटलीनेच घोट घेणारे रुग्ण आपल्या परिचयाचे आहेत.

आधुनिक औषधांपैकी बेंझोडायझेपिन व अफूवर्गीय औषधे एकत्र घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये सर्वांत कडक श्रेणीचा इशारा दिला. नसांच्या वेदनेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन व प्रीगॅबालिनविषयी 2019 मध्ये इशारा दिला, त्यात सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांचा व वृद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिनही गुंगी आणते, हे विसरू नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, कोडीन ही औषधे 1 मार्च 2014 पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-1 मध्ये आहेत. चिठ्ठीविना विक्री नाही, आणि स्वतंत्र नोंदवहीत चिकित्सक, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद करून ती तीन वर्षे जपावयाची. आयुर्वेदीय बाजूस अहिफेन, भांग, धत्तूर व पारसिक यवानी अनुसूची ई-1 मध्ये असून, त्यांच्या पोटात घेण्याच्या तयार कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकास मराठीत वाचून दाखविण्यास कितीसा वेळ लागतो? खोकल्याचे औषध मागणाऱ्यास “झोपेची गोळी चालू आहे का?” हा एक प्रश्न विचारावा. आमच्या रुग्णेस तो कोणीच विचारला नाही.

चिकित्सकाने काय करावे?

रुग्णास घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणण्यास सांगावे. श्वासाची गती पूर्ण एक मिनिट मोजावी. बोटास लावण्याचे ऑक्सिमीटर जवळ असावे. मात्र ते केवळ प्राणवायू दाखविते, कर्बवायू नव्हे, हे ध्यानी ठेवावे. घरी प्राणवायू चालू असल्यास तो आपल्या मनाने वाढवू नये. कर्बवायू साचण्याचा संभव असलेल्या रुग्णात 88 ते 92 टक्के हेच लक्ष्य मानले जाते. थिओफिलिन वा प्रेडनिसोलोन सायंकाळी घेतल्याने झोप उडत असेल, तर वेळ बदलण्याविषयी मूळ डॉक्टरांशी बोलावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. वर्षानुवर्षे चालू असलेली झोपेची गोळी एकाएकी बंद करू नये. तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी. रात्रीचे जेवण लघु व लवकर, उशाशी उंची, दुपारची झोप वर्ज्य, आणि घरातील चुलीचा धूर बंद.

ती स्त्री आजही आमच्याकडे येते. घरी गॅस आला आहे, ती तीन उशांवर टेकून झोपते आणि रात्री एकदोनदा जागी होते. “झोप तेवढी पुरी होत नाही,” अशी तिची तक्रार कायम आहे. आम्ही ती ऐकून घेतो, प्रथम तिचा श्वास मोजतो, आणि झोपेचे चूर्ण देत नाही.